भारी बेसचे इअरफोन

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर न फोडताच बाजूला टाकशील या धास्तीने पत्ता तुझ्या बाबांकडून लिहून घेतला आहे. आत मात्र मी आहे. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून झाल्यावर. तू माझा फोन उचलत नाहीस यात तुझी काही चूक नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. त्या दिवशी फोनवर मी जे बोलले, त्याबद्दलच हे पत्र आहे, पण तिथून सुरुवात करायला हात धजत नाही. जरा मागून येते. पायऱ्या चढताना कठड्याला धरून चढतात ना, तसं.

मला ऐकू येत नाही, ठमे. अगदी ठार बहिरी झाले नाही, पण जे जायचं ते बरंच गेलं आहे. इतकी वर्षं बाटल्यांच्या लाइनवर बसले. तू लहानपणी एकदा आली होतीस, आठवतं का? पांढऱ्या दिव्याच्या काचेसमोरून बाटल्या सरकत जातात आणि तडा गेलेली, तोंडाशी टवका उडालेली बाटली आम्ही उचलून बाजूला काढतो. तू दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होतीस आणि मी हसले होते. काचेवर काच आदळायचा तो आवाज दिवसभर कानात शिरतो. कापूस घालायचो, तरी शिरायचा. आधी घड्याळाचा गजर गेला, मग दारावरची बेल. मग माझ्या शेजारी बसते ती, जिला आम्ही सगळ्या रेडिओ म्हणतो, ती दिसायची बोलताना, ऐकू यायची नाही. पहिल्यांदा वाटलं, बाई सुधारली, गप्प बसायला शिकली. पुरुषांचे जाड आवाज मात्र राहिले. म्हणजे रेडिओ गेली आणि मुकादमाच्या शिव्या राहिल्या. माझं नशीब नेहमी असंच निवड करतं.

आणि तुझा आवाज पहिल्यापासून बारीक. समोर असलीस की मी तुझ्या ओठांकडे बघून निभावून न्यायचे. फोनवर ओठ कुठून आणू? नुसता ‘आ’ आणि ‘ओ’ ऐकू यायचा, मधली सगळी अक्षरं गळलेली. मग मीच बोलत सुटायचे. बाबांचं गुडघेदुखीचं पुराण, वरच्या मजल्यावरच्या गळक्या नळाचं. तू काही विचारलंस असं वाटलं की ‘हो ना’, ‘बरं’, ‘अगंबाई’ यातलं एक टाकायचं, आणि फारच गडबड झाली की दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवायचा. आमच्या घरी किती दूध उतू जातं याचं तुला कधी नवल कसं वाटलं नाही? तू बाबांजवळ म्हणालीस म्हणे, आईला माझ्याशी बोलायला वेळच नसतो. तरी सांगितलं नाही. लिहून पाठवत जा म्हणावं, तर तूच मागे कधीतरी म्हणाली होतीस, दिवसभर ऑफिसात अक्षरंच बघते, घरी आल्यावर मला तुझा आवाज हवा असतो.

का सांगितलं नाही, ते आता सांगते. तू घरी येऊन, माझ्या समोर बसून, दोन्ही हात माझ्या गुडघ्यांवर ठेवून सांगितलंस की तुला दिवस गेलेत. इतक्या वर्षांनी, इतके दवाखाने झाल्यावर. ते मला तुझ्या ओठांवर नीट वाचता आलं. मग तू म्हणालीस, बाळ झालं की तू येऊन राहायचंस, रात्री बाळ तू बघायचंस आणि मी मेल्यासारखी झोपणार आहे. मी हो हो म्हटलं खरं. तान्ह्या बाळाचं रडणं म्हणजे केवढा बारीक आवाज. बाळ शेजारी रडून निळं पडलं तरी मी आपली घोरत पडलेली. तुला कळलं असतं तर तू मला आणलं असतंस, नाही असं नाही. पण बाळ माझ्या हाती सोपवून झोपली नसतीस. खुर्चीवर बसवून ठेवलं असतंस मला, पाहुण्यासारखी. मला ते नको होतं. म्हणून ठरवलं, बाळ यायच्या आत कानांचं काहीतरी करायचं, गुपचूप.

आमच्याकडे माल उचलायच्या गाडीवर एक आहे, दाढीवाला, मान हलवत गाडी चालवतो. चहाच्या सुट्टीत त्याने गंमत म्हणून त्याचे इअरफोन माझ्या कानांत घातले. ठमे, मला ऐकू आलं. धम, धम, धम. छातीत वाजावं तसं. किती दिवसांनी एखादा आवाज अर्धवट न येता सबंध आला होता. मी हातातला चहा सांडला. त्याला विचारलं, हे कुठले? तो म्हणाला, काकू, कुठलेही घ्या, बेस भारी पाहिजे, बाकी सब झूठ. मला वाटलं, सापडलं औषध.

दुकान बाजाराच्या तोंडाशीच आहे, कपाटाएवढं. दुकानदार जाडजूड माणूस, आवाज थेट पोटातून यायचा, त्यामुळे त्याचं सगळं मला समजलं. त्याने भल्या माणसासारखं विचारलं, कशासाठी हवेत, गाणी ऐकायला की फोनवर बोलायला? मागे दोघं-तिघं उभे होते. त्यांच्यासमोर मला ऐकू येत नाही असं म्हणायची लाज वाटली. मी म्हटलं, गाण्यांसाठी, रोज ऐकते मी. आणि बेस भारी हवा. त्याने माझ्याकडे जरा आदराने बघितलं. या वयाच्या बायका बेस मागत नसाव्यात. मग एकेक काढून दाखवायला लागला. पहिले घातले तर काहीच नाही, पावडरच्या डब्यातून हवा यावी तसं फुसफुस. तो म्हणाला, यांचा आवाज स्वच्छ आहे, शब्द नि शब्द कळतो. मी म्हटलं, नकोत. दुसऱ्यांना कानामागे अडकवायची तार होती, ती चष्म्याच्या काडीशी भांडायला लागली. तिसरे घातले आणि पुन्हा ते धम धम सुरू झालं. त्याने रबराच्या टोप्या बदलून दिल्या, मोठ्या, मधल्या, धाकट्या. म्हणाला, कानात घट्ट बसलं नाही तर बेस गळून जातो, रोज वापरायचे तर बसणं महत्त्वाचं. माझ्या उजव्या कानाला मधली लागली आणि डाव्याला धाकटी. वायरवाले घेतले, सुटे हरवले असते. आरशात बघितलं तर म्हातारी कॉलेजात निघाल्यासारखी दिसत होते. घरी येईपर्यंत काढले नाहीत.

मग रोज ऐकायचे. कामावरून आले की स्वयंपाकघरात भाजी निवडत बसायचं आणि कानांत ते. जुनी गाणी लावायचे, तुला झोपवताना गुणगुणायचे तीच. त्यातली गाणारी बाई ऐकूच यायची नाही. खालचा ठेका तेवढा चालायचा आणि वर बाईच्या जागी मोकळी जागा. तरी मी मनाशी धरून बसले की सवयीने उघडतील कान. आधी खालचं येईल, मग हळूहळू वरचं. बाबा समोर बसून बघायचे आणि मान वळवायचे. मला ऐकू येत नाही हे त्यांना कळलं होतं, पण मी शपथ घातली होती तुला न सांगायची. त्या माणसावर रागावू नकोस.

आणि मग तुझा फोन आला. मी इअरफोन घालूनच बसले होते, त्याच वायरीवर घेतला. पहिल्यांदाच तुझा आवाज असा भरून आला. घागरीत तोंड घालून बोलावं तसा, पण मोठा, अगदी जवळ. मला केवढा आनंद झाला. तू आधी नुसतीच थांबून थांबून श्वास घेत होतीस, आणि ते मला हसण्यासारखं वाटलं. खरंच तसं वाटलं, ठमे. मग तू म्हणालीस, आई, बाळ... आणि पुढचं घुमलं. शेवटी ‘लं’ आलं. पुन्हा म्हणालीस तेच. मी बोटं मोजली, महिने मोजले. या दिवसांत काय होतं ते मला माहीत आहे, मीही त्यातून गेले आहे. मला ऐकू आलं, आई, बाळ हललं. म्हणून मी म्हटलं, अगं वा, किती छान, मी तर याचीच वाट बघत होते. मी हसले. म्हटलं, आता रोज होईल बघ असं, सवय करून घे. फोन कट झाला. मला वाटलं रेंज गेली.

चार दिवसांनी बाबा भर दुपारी दुकान बंद करून घरी आले. गिऱ्हाइकाची दाढी अर्धी सोडून आले होते की काय कोण जाणे, बाहीला कापलेले केस तसेच होते. त्यांनी माझ्या हातातली उलथणी काढून घेतली, गॅस बंद केला, मला समोर बसवलं. जावयांचा फोन आला होता दुकानात. तुझ्या बाबांचा आवाज खर्जातला, मला तो अजून पुरता ऐकू येतो. म्हणाले, बाळ गेलं. मी म्हटलं, हललं. ते म्हणाले, गेलं, मागच्या आठवड्यातच. तिने तुला सांगितलं. मी नाही नाही म्हणत राहिले. मग ते म्हणाले, जावई विचारत होते, आई हसल्या का? कढईतलं तेल थंड होईपर्यंत आम्ही तिथेच बसलो होतो.

त्यानंतर बाबाच मला कानाच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेले. मी इअरफोनही बरोबर नेले होते, दाखवायला. तिने एक आलेख काढून दाखवला. डावीकडे रेघ बरी चालते आणि मग कड्यावरून कोसळावी तशी खाली जाते. ती माझ्यासमोर तोंड करून सावकाश बोलली. खालचे सूर तुमचे शाबूत आहेत, वरचे गेले, आणि माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं वरच असतात, बायकामुलांची तर बरीचशी. भारी बेसने तुम्हाला आहे तेच जास्त ऐकवलं आणि जे थोडं उरलं होतं ते झाकून टाकलं. तुम्हाला याच्या उलट हवं होतं, ती म्हणाली. दुकानदाराने पहिल्यांदा दाखवले ते, मी नको म्हटलेले, ते तरी निदान वाईट करणारे नव्हते. आता यंत्र दिलंय कानाला. ताटं भांडतात, पेपर फाटल्यासारखा वाजतो, आणि माणसं पत्र्याच्या पलीकडून बोलतात. थोडं सुधारेल म्हणाली. गेलेलं येणार नाही, हेही म्हणाली. मी विचारलं नाही तिला आणखी काही. विचारण्यासारखं जे होतं ते तिच्या हातातलं नव्हतं.

माफ कर असं लिहायला मी बसले नाही. माफ करायला तू काही कोर्ट नाहीस आणि तुझ्याकडे आत्ता तेवढं त्राण असेल असंही मला वाटत नाही. मी लिहिते आहे ते एवढ्यासाठी की ते हसू तुझ्या दुःखावरचं नव्हतं, हे तुला दुसऱ्या कुणी सांगून पटणार नाही. त्या फोननंतरचे ते चार दिवस, ठमे, मी लाइनवरच्या सगळ्यांना सांगत सुटले होते की आमचं बाळ हललं. रेडिओने माझा हात दाबला. तू तिथे रिकामी होऊन पडली होतीस आणि इथे माझ्याजवळ ते जिवंत होतं. जगात बहुधा फक्त माझ्याकडेच. म्हणून मला दोनदा मोजावं लागतंय, एकदा त्याचं जाणं आणि एकदा माझं ते बोलणं, आणि दोन्हींतलं कुठलं जड ते मला ठरवता येत नाही. रविवारी सकाळच्या गाडीने मी येते आहे. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस, मी जिन्यात बसेन, मला घाई नाही. फक्त एक लक्षात ठेव, आतून ‘जा’ म्हणालीस तर मला ते ऐकू येणार नाही. तेवढं सांगायलासुद्धा तुला माझ्या समोर यावं लागेल.

तुझीच,
आई