मॉरीनकडून परत आलेला डबा

लेटरकेनी,
१९ ऑगस्ट २०१६

ती. आईस,
नेत्राचा नमस्कार.

आम्ही तिघंही बरी आहोत. हृषीकेशच्या नाइट ड्युट्या संपल्या. स्वरांगीला पुढचा दात आला. बाबा सकाळी फिरायला जातात ना?

आमच्या मागच्या डोंगरावर स्की रिसॉर्ट व्हावं की नको, यावरून इथे वर्षभर वाद चालला होता. बर्फ जेमतेम पडतं, म्हणून प्लास्टिकच्या उतारावर घसरायचं म्हणे. मंगळवारी परवानगी मिळाली. तिथलं कॅन्टीन मला चालवायला देणार आहेत. मी लगेच पेढे केले आणि आपल्या सवयीने शेजारीपाजारी वाटले. शेजारच्या मॉरीनलाही डबा भरून दिला.

रिसॉर्ट नको म्हणून प्रत्येक सभेत उभी राहून बोलणारी ती हीच मॉरीन. नवीन आले तेव्हा मी घरात रडत बसायचे, तर हाताला धरून मला त्याच डोंगरावर न्यायची. तिचा विरोध मला माहीत नव्हता असं नाही गं. पण डबा तिच्या हातात दिल्यावर आठवलं. तिने एक पेढा खाल्ला, ‘ग्रँड’ म्हणाली आणि दार लावून घेतलं.

काल डबा घेऊन आली. डोंगरावरच्या काळ्या बेरींनी भरलेला, आपल्या करवंदांसारख्या.

“डबा रिकामा परत द्यायचा नसतो, तूच शिकवलंस,” म्हणाली. “पुढच्या वर्षी काय भरून देऊ, ते सांग.”

बेरी तशाच फ्रिजमध्ये आहेत. स्वरांगी मागते, पण माझ्याच्याने झाकण उघडवत नाही.

हे बाबांना वाचून दाखवू नकोस, कॅन्टीनचं तेवढं सांग.

तुझी,
नेत्रा