बाहेर आणून दिलेला चहा

अण्णा, अलीकडे रविवारी मी गाडी काढते आणि तुमच्या नेहमीच्या एकेका हॉटेलात जाऊन बसते. आत बसते, बाकावर, टेबलाला कोपर टेकून, चार माणसांत. तुमच्याबरोबर मी कितीदा तरी या हॉटेलांपर्यंत आले, पण आतली बाजू कधी पाहिली नव्हती. गुरांच्या डॉक्टरला कसली सुट्टी, रविवारीही कुणाची तरी म्हैस अडलेली असायचीच. मी हट्टानं मोटारसायकलवर मागं बसायची, औषधांची बॅग मांडीवर घेऊन. परतताना हॉटेल आलं की तुम्ही गाडी लिंबाखाली लावायचात, "बस इथंच" म्हणायचात आणि आत जायचात. बाईमाणसानं हॉटेलात बसायचं नाही, तिचा चहा बाहेर यायचा. एसटीतल्या बायकांना खिडकीतून मिळायचा, मला झाडाखाली. त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलं नाही. आत काय चालतं हे मात्र जाणून घ्यायचं होतं.

तुमच्या जिथं जिथं बदल्या झाल्या तिथली हॉटेलं मी शोधतेय. तुमची निवड सगळीच काही थोर नव्हती बरं का. शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावरच्या त्या चहात तुम्हाला काय दिसलं देव जाणे, नुसता साखरेचा पाक. पण हिमायतनगरला जाताना लागतं ते पत्र्याचं हॉटेल अजून आहे आणि तिथली मुरमुऱ्यांची सुशीला खाऊन मी दुसरी प्लेट मागवली. मुरमुरे भिजवावेत तर त्या हॉटेलवाल्यानं, एकही चिकट होत नाही. वर शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं घातलेलं. मी आत शिरले तशी त्यानं आधी "फ्यामिलीचं तिकडं हाय, ताई" म्हणून पडद्यामागं हात दाखवला. मी एकटीच आहे, इथंच बसते म्हटल्यावर गडबडला आणि पंखा माझ्याकडे फिरवून दिला. बाकीच्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा सोयाबीनच्या भावावर आले. एवढंच असतं आत, अण्णा. भिंतीवर देवांचे फोटो, चालू नसलेला टीव्ही, आणि बाहेर जाण्याची अजिबात घाई नसलेली माणसं. मला फार आवडलं.

पण मुखेडच्या अलीकडे फाट्यावरचं भज्यांचं हॉटेल मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण तिथं तुम्ही हसायचात. बाहेर लिंबाखाली बसून मी ते ऐकलेलं आहे. पोटातून येणारं, दणदणीत हसणं, टेबलावर हात आपटल्याचा आवाज, जरा शांतता, आणि पुन्हा तेच. घरी तुम्ही जेवायचात, पेपर वाचायचात आणि आईनं काही विचारलं तर "हं" म्हणायचात. मी लहान होते, मोठ्या कौतुकानं आईला येऊन सांगितलं की अण्णा हॉटेलात किती हसतात. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. "घरी तोंडाला कुलूप, आन् तिथं बरी वाचा फुटायलीय," हे तुम्ही असताना म्हणायची आणि तुम्ही गेल्यावरही म्हणत राहिली. तिला वाटायचं, तुम्हाला आम्ही पुरत नव्हतो. मलाही तेच वाटायचं. म्हणून त्या आतल्या माणसांना विचारायचं होतं की त्यांच्याकडे असं काय होतं, जे आमच्याकडे नव्हतं.

गल्ल्यावर मालकीणबाई होत्या. पूर्वी दारातल्या कढईपाशी बसायच्या आणि माझा चहा त्याच बाहेर आणून द्यायच्या. मी तुमचं नाव सांगितलं तशी त्यांनी चष्मा वर केला.

"डॉक्टरसाबाची पोरगी का तुमी? ते झाडाखाली बसायची ती?"

मी हो म्हटलं आणि सरळ विचारलं, अण्णा इथं इतकं कशावर हसायचे?

"डॉक्टरसाब?" त्या जराशा गोंधळल्या. "न्हाई वो. ते कुठं हासायलेत. ते त्या खांबाला टेकून बसायचे गप. लई गरीब मानूस. आमच्या मालकाला म्हनायचे, आनखी एक सांगा. मालक किस्सा सांगायचे आन् सोताच हासायचे."

मग आतल्या खाटेवरच्या म्हाताऱ्या मालकाला त्यांनी हाक मारून सांगितलं की ही पोरगी तुमचं हसणं तिच्या बापाचं समजत होती. म्हातारा उठून बसला. त्याला पुरतं समजायला वेळ लागला, आणि मग तो हसला. मांडीवर हात आपटून, धाप लागेपर्यंत. तेच हसणं होतं, अण्णा. मी खांबापाशी तुमच्या जागेवर बसले होते, पुढ्यात गरम भजी होती, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मालकीणबाईंना वाटलं मिरची लागली.

परत येताना वाटेत मला राग शोधून सापडेना. तुम्ही आमच्या वाट्याचं हसू बाहेर उधळलं नव्हतं. तुमच्याकडेच ते नव्हतं. जिथं होतं तिथं जाऊन बसत होतात, एका चहावर, आणि आणखी एक सांगा म्हणत होतात. तुम्हाला एवढं काय जड झालं होतं, हे आम्ही कुणी विचारलं नाही. आता विचारतेय, तर उत्तर द्यायला तुम्ही नाही.

घरी आले तर आई वाटच बघत होती. "गेलतीस का तिथं? काय म्हनले? हासायचे ना लई?"

मी हो म्हटलं. खूप हसायचे, म्हटलं, टेबलावर हात आपटून. आई बराच वेळ हातातल्या पदराचं टोक नीट करत राहिली. तिचं नेहमीचं कुलपाचं वाक्य येईल म्हणून मी थांबले. ती म्हणाली, "बरं झालं बाई. कुठं तरी हासले."

हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून लिहिते. आईशी मी खोटं बोलले आणि ते मी दुरुस्त करणार नाही. कधी तरी ती तुमच्याकडे येईल, आणि आल्या आल्या हेच विचारेल. तेव्हा नुसतं हं करू नका, अण्णा. हो म्हणा.