शिस्तीची मुले

राहात्याजवळ, मळा नंबर चार
ता. ६ जानेवारी १९४६

ती. मरियाताईस धाकट्या दयाचा सप्रेम सलाम. वि. वि.

ऊसतोडणीच्या बायांची बावीस लेकरे सांभाळायची नोकरी लागली, आणि पहिल्या दिवशी एकही रडले नाही! मॅनेजरसाहेब म्हणाले की इतकी शिस्तीची मुले पुण्यातही सापडायची नाहीत. मीही भारावले. मग माझ्याआधीपासून मुले सांभाळणाऱ्या बनुबाईला गुपित विचारले. ती सहज म्हणाली की सकाळी मोहरीएवढी अफू चाटवली की दुपारपर्यंत लेकरं लई गुणाची ऱ्हात्यात. म्हणजे शिस्त डबीत आहे! ट्रेनिंगमध्ये शिकलेली बडबडगीते मी भिंतींना म्हणून दाखवते. तू दवाखान्यातली नर्स, काय करू ते सांग. आईस सलाम.

तुझी दया

नगर, ता. ११ जानेवारी

चि. दयास अ. उ. आ. वि. वि.

अशी गुणी मुले आमच्या दवाखान्यातही येतात. गेल्या महिन्यातले एक तर इतके शिस्तीचे, की पुन्हा उठलेच नाही. तेव्हा भिंतींना गाणी पुरे. अफू एकदम तोडू नकोस, थोडीथोडी कमी कर. बनुबाईवर डोळे वटारू नकोस. बावीस मुलांत एकटी बाई काय करणार? साहेबांना म्हणावे, दोन तास बसून बघा. एखादे मूल जागे होईना तर लगेच इकडे आण. आई म्हणते नोकरी सांभाळ. मी म्हणते मुले सांभाळ. जिवाला जप, माझी माया आहेच.

तुझी ताई, मरिया

मळा नंबर चार, ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस स. सलाम. वि. वि.

तोडणीवरच्या कडूबाईची मनकर्णा तू वाचवलीस, तेव्हा आता त्या दिवशीचे लिहिते. पोर दुधापुरतेही डोळे उघडेना. साहेब म्हणाले, लॉरी उसासाठी आहे. कडूबाईने पोर त्यांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली की मग हिलाबी ऊस समजा, पन न्या. मागे कोयते टाकून आलेल्या साऱ्या बाया, आणि अफू निम्म्यावर आणलेली एकवीस लेकरे कचेरीभर टाहो फोडत होती. दोन तास कसले, साहेब दहा मिनिटांत टेकीला आले. लॉरी निघाली.

आता आणखी दोन बाया मिळाल्यात, दुपारी दूध मिळते. बनुबाईने डबी स्वतःच कालव्यात फेकली. मग माझ्याजवळ बसून म्हणाली की तिच्या थोरल्यालाबी तिने हेच चाटवलं हुतं, अन् इतकी वर्षं ती देवाला बोल लावत आली.

काल साहेबांची चिठ्ठी आली, की मुलांचा गोंगाट कचेरीपर्यंत येतो, कारण लेखी कळवावे. मी त्याच कागदावर लिहून पाठवले: मुले जागी आहेत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी दया