पप्पांसाठी वापरलेला शब्द

वटार,
मे १९९८

प्रिय ज्युलियस,

गेल्या आठवड्यात मस्कतहून फोनवर बोलताना तू पप्पांना सिनिकल म्हणालास. मी वाद घातला नाही. परीक्षेआधी दहावीच्या एका मुलीने मला या शब्दाचा अर्थ विचारला होता. ज्याला प्रत्येकाच्या चांगुलपणामागे स्वार्थच दिसतो तो, असं मी सांगितलं. सांगताना डोळ्यांसमोर ओट्यावर बसलेले पप्पाच होते.

टँकरविरुद्ध गावाची सभा झाली तेव्हा तू इथे नव्हतास. विहिरीचं पाणी इमारतींना विकायचं नाही, अशी सेबेस्टियनकाकांनी सगळ्यांकडून शपथ घेतली. पप्पा मागून म्हणाले, "हात वर करायला काय लागते? सगळे पानी विकतील. शेवटी तूसुद्धा, सेबू." काका हसले. म्हणाले, "फर्डिनंड, तुझ्या थडग्यावर मी एवढंच लिहिणार, मी आधीच सांगितलं होतं." मग दोघं एकाच सायकलवरून घरी आले, वाटेत पुन्हा भांडत.

रविवारी हेलनमावशीच्या जेसनचं लग्न होतं. आदल्या संध्याकाळी नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी आणायला आम्ही बायका बँड घेऊन निघालो. आपल्या आळीतल्या लग्नांचं पाणी सेबेस्टियनकाकांच्या विहिरीचं, हे कधी कुणी ठरवलेलं नाही. पप्पा मागून चालत ट्रम्पेटवाल्याला त्याच्या चुका सांगत होते. वाडीत वळलो तर विहिरीत जाड काळा पाइप सोडलेला. पंप चालू होता. केळींच्या पलीकडे टँकर उभा होता. बँड एकदम थांबला नाही. ढोलवाल्याला पाइप दिसत नव्हता, तो थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला. हेलनमावशीने तरीही कळशी आत सोडली. ती दगडावर आपटली. वर आली तेव्हा तिच्यात गढूळ पाणी होतं आणि तळाला चिखल.

काका दारात उभे होते. "दोनच महिने देतोय, फर्डिनंड," ते म्हणाले.

पप्पा आता ते थडग्यावरचं वाक्य बोलणार, असं मला वाटलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझा खांदा धरला. त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं. "सेबू," एवढंच ते म्हणाले.

लग्नाला ते आले नाहीत. आम्ही सगळे गेलो, जेवलो. काकाही आमच्याच टेबलावर जेवले आणि वडे चांगले झालेत म्हणाले. मीही हो म्हणाले. हे होणार असं ज्याने इतकी वर्षं सांगितलं, तो एकटाच त्यासाठी तयार नव्हता. त्या मुलीला मी सांगितलेला अर्थ बरोबर होता. माणूस मी चुकीचा धरला होता. त्या टेबलावर तो शब्द कुणाला लावायचा, याचा मी अजून विचार करते आहे.

तुझ्या वाट्याची वाडी विहिरीसकट बिल्डरला द्यायचं नक्की झालंय, असं तू त्याच फोनवर म्हणालास. पप्पांना मी सांगावं, ते सिनिकल आहेत, त्यांना धक्का बसणार नाही, असंही म्हणालास. आज सकाळी मी सांगायला ओट्यावर गेले. मी बसायच्या आत पप्पाच बोलायला लागले. समोरच्या एकेका घराकडे बोट दाखवून कोण वाडी विकणार ते सांगत होते. आळीतलं एकही घर त्यांनी सोडलं नाही. मग बोट खाली आलं. "आपली राहील," ते म्हणाले, "ज्युलियस आहे." मी त्यांचा गार झालेला चहा उचलून आत आले. ज्युलियस, मी त्यांना काही सांगणार नाही. विकायची असेल तर तू ये, त्यांच्या शेजारी बस आणि स्वतः सांग.

अजून गप्प असलेली तुझी बहीण,
एमिली