शर्यतीच्या वहीत मी नाही

रविवार, ७ एप्रिल. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सोसायटीच्या ओट्यावर सेक्रेटरी काशिनाथने, माझ्याच हाताखाली शिकलेल्या काशिनाथने, मला सांगितलं की मी घोड्यांच्या शर्यतीला कधी आलेच नाही.

दुष्काळामुळे यंदा मैदानावर पाण्याचा एकच टँकर, म्हणून दरसाल येणाऱ्यांनाच पास. ठीक. पण दरसालच्या हजेरीच्या वहीत नाव यांचं!

"बाई, सर दरसाल हायेत. तुमचं न्हाई बघा."

घरटी एकच नाव, तेही पुरुषाचं, हे मला आज कळतंय. लहानपणी मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत आपली हजेरी आपणच द्यायचो. इथे ती नवऱ्याच्या नावावर लागते. यांना तर घोडा दिसला तरी शिंका येतात. निळी छत्री घेऊन उन्हात उभी राहायची ती मी.

हे आपला पास पुढे करून म्हणतात, "माझ्या नावावर जा की."

का म्हणून? की मागच्या वर्षी मी खरंच गेले नव्हते? छे, छत्रीची काडी तिथेच तर मोडली. मग वहीतला तो माणूस कोण? काही समजेनासं झालंय. छत्री अजून तशीच मोडकी आहे.

उद्या अर्ज देते, एवढाच: काशिनाथ, गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव, मी आले होते की नव्हते?