यादीतलं जास्तीचं नाव

२ जुलै

पोचलो एकदाच्या बोडीटोल्याला! सानगडीहून ऑटोने पाऊण तास. टीना माझ्या मांडीवर आणि बॅग टीनाच्या मांडीवर. माझी सात वर्षांची पोर, पण वाटेत इतके प्रश्न विचारले की ऑटोवाल्याने शेवटी गाणी मोठ्याने लावली. तिचे बाबा सुरतच्या मिलमध्ये, दिवाळीलाच येतात. त्यामुळे जिथे मी तिथे ही.

खोली छान आहे. पडवीत उभं राहिलं की मालगुजारांच्या वेळचा तलाव आणि त्याची लांबलचक पाळ दिसते. घरमालकीण निर्मलाबाई कोंढ्याला लेकीकडे गेल्यात. त्यांचे यजमान भय्याजी उन्हाळ्यात वारले. चाळीस वर्षं तलावाची यादी त्यांच्या हातची होती. आता लिहिणारं कोणी नाही, म्हणून पाणी वापर संस्थेने मला बोलावलं. सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायच्या. असलं काम मला मनापासून आवडतं.

४ जुलै

संस्थेचे सचिव चंद्रकुमार यांनी आज काम समजावलं. तलावाचं तुडूम, म्हणजे शेतात पाणी सोडायचं दार, उघडायच्या आधी पाळीवर अख्ख्या गावाची नावं वाचतात. ज्याचं नाव येईल त्याने 'हाव' म्हणायचं. दर वर्षी मागच्या यादीवरून नवी उतरवायची. मेलेले काढायचे, नव्या सुना आणि लेकरं घालायची. मग म्हणाले, तुमचंबी नाव टाका मॅडम, पोरीचंबी, इथलंच पाणी पिऊन राहिल्या ना! टाकलं. टीना भलतीच खूश आहे.

७ जुलै

पाच वर्षांच्या याद्या टाइप झाल्या. भय्याजींचं अक्षर मोत्यासारखं. आज एडिटरमध्ये एक प्लगइन टाकलं. दोन मजकूर निवडून तुलना करा म्हटलं, की डावीकडे जुना, उजवीकडे नवा. गेलेली ओळ लाल, आलेली हिरवी. मी मोहाडीच्या विणकराची लेक. मागावरचा तुटलेला धागा बाबा दुरून ओळखायचे, तशी मला ही लाल ओळ दिसते.

आणि सापडलीच की चूक. बाकी सगळे फरक जन्म, लग्न, मरण यांत बसतात. पण दर वर्षी एक नाव असं आहे की त्याला घरच नाही. एका वर्षी झामाजी. पुढच्या वर्षी झामाजी गायब, त्याजागी पुनाबाई. मग पुनाबाई गायब आणि सकरू हजर. गावात विचारलं तर या तिघांना कोणी पाहिलेलं नाही. चंद्रकुमार हसले. भय्याजीले शेवटी दिसतच नोहोतं, काढून टाका म्हणाले. निर्मलाबाईंना फोन करावा असं एकदा मनात आलं होतं, पण एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला? सकरूला काढलं. चूक दिसली की माझे हात शिवशिवतात.

११ जुलै

वाचन झालं! मीच वाचलं. दोनशे चौदा नावं, दोनशे चौदा हाव. बाहेरगावी असलेल्यांची ओ घरच्यांनी दिली. शेजारच्या बायजाबाई सांगत होत्या, असं पहिल्यांदाच झालं. दर वर्षी भय्याजी एका नावापाशी थांबायचे, कोणी बोलायचं नाही, मग पुढे जायचे. मी म्हटलं, कॉम्प्युटरची कमाल! मिशा असत्या तर पीळ भरला असता.

१४ जुलै

गंमतच झाली. वाचलेली यादी आणि तिची जपून ठेवलेली प्रत रोज सकाळी ताडून बघायची मला सवय आहे. आज एक ओळ लाल. बायजाबाई. मी फाइलला हातही लावला नव्हता. नाव परत टाकलं आणि चिडवायला त्यांच्याकडे गेले, की तुमचं नाव पळून गेलं होतं. त्या हसल्या. म्हणाल्या, कालपासून भरदुपारी पाळीवरून लेक हाका मारून राहिला, जाऊन पाहतो तं कोनी नाही. लेक त्यांचा नागपूरला असतो.

१६ जुलै

बायजाबाई गेल्या.

दुपारी दोनला, वीसेक बायांच्या देखत. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी चालू होती. त्या वाकलेल्या होत्या, सरळ झाल्या, 'आली बाबू' म्हणाल्या आणि पाळ चढून पाण्यात उतरल्या. लोक धावले. तलाव अजून अर्धाही भरलेला नाही. दिवसभर शोधलं. सापडल्या नाहीत. टीना त्यांच्या पडवीतून हलायला तयार नाही.

१७ जुलै

आज लाल ओळ खुशालची. चंद्रकुमारांचा धाकटा भाऊ. तीनदा परत टाकली, तीनदा गेली. चंद्रकुमारांना दाखवलं. व्हायरस असन, म्हणाले.

मला भीती वाटते आहे. हसू येईल कोणाला, पण वाटते आहे.

१९ जुलै

खुशाल. दुपारी दोन. तसाच. बायकोने कमरेला मिठी मारली होती, तरी.

२० जुलै

बातमी ऐकून निर्मलाबाई आल्या. चप्पलही काढली नाही. सरळ मलाच विचारलं, "यंदाचं खोटं नाव कोनतं टाकलं वो बाई?"

मला कळेचना. मग त्यांनी सांगितलं. तलाव दरसाल यादीतल्या माणसांना एकेक करून बोलावतो. म्हणून लिहिणारा जगात नसलेलं एक नाव घालतो. त्याला ओ देणारं कोणी नसतं. ज्याला ओ नाही, त्यालाच तलाव वर्षभर हाका मारत बसतो आणि गाव सुटतं. गावाला सांगत नाहीत, नाहीतर कोणी मस्करीत ओ द्यायचा. "चूक नोहोती ते," त्या म्हणाल्या. "राखन होती गावाची. मले पुसाचं तरी."

मी आत्ता नाव घालू का, पुन्हा वाचू का, म्हणून पाया पडले. तुडूम बंद होईस्तोवर वाचता येत नाही, म्हणाल्या. म्हणजे दिवाळी.

दोन माणसं मी मारली. नीटनेटकेपणापायी.

आज सकाळी तुलना केली नव्हती. निर्मलाबाई उठून गेल्यावर केली.

टीना.

२० जुलै, संध्याकाळ

मोहाडी. आईच्या घरी. मिळेल त्या गाडीने आलो. लॅपटॉप आणला, तो टाकून द्यायचाही धीर नाही.

२१ जुलै

नाव परत टाकलं की जातं. मग सुचलं. माझी, रंजिताची, ओळ मीच खोडली आणि त्या जागी टीना लिहिलं. तुलना केली. एकच लाल ओळ. रंजिता. तासाभराने पुन्हा. रंजिता. टीना आहे. टीना यादीत आहे!

इतकी रडले की आई घाबरली. मी घाबरलेली नाही. तलावाने मला न्यावं.

२२ जुलै, सकाळ

अजून फक्त माझं नाव. आईला सगळं सांगितलं. दाराला आतून कुलूप, किल्ली तिच्या कनवटीला. काहीही ऐकू आलं तरी उघडायचं नाही, मी पाया पडले तरी नाही. तिने टीनाची शपथ घेतली.

२२ जुलै, पावणेदोन

हाक आली. 'आई.' टीनाचा आवाज, दाराबाहेरून.

टीना माझ्यासमोर बसली आहे. चित्र काढते. ओठ मिटलेले—

मी ओ देणार नाही. देणार नाही—

टीनाने मान वर केली. माझ्याकडे नाही, दाराकडे. म्हणते, "आई, तू बाहेर काहून उभी हायस?"

मी इथं आहे म्हटलं. गालाला हात लावला. ती बघतच नाही—

तुलना—

दोन ओळी. दोन्ही लाल—

एका हाताने तिला धरलं आहे—

आई उठली. कनवटीची किल्ली काढली. म्हणते आहे, थांबा वो पोरींनो, उन्हात कायले उभ्या, उघडतो—

तिला आम्ही दोघी बाहेरून हाका मारतो आहोत—

आई, आम्ही आत आहोत, इथं, तुझ्या मागे, उघडू न—