जेलात वाचायची पुस्तकं

२ जुलै १९३०, किन्हीराजा
पुण्याहून मागवलेलं पुस्तकांचं पार्सल वाशीम स्टेशनवरून आणलं. एकूण अकरा. परदेशातल्या एका क्रांतीचा इतिहास, स्वातंत्र्यावरचे निबंध, ग्रीक संवाद, संस्कृत नाटकं. सरकारनं बंदी घातलेलं एक पातळ पुस्तकही आहे. सुशिक्षित माणसानं एवढं वाचलेलं असावंच. दिवाळीपर्यंत सगळी संपवीन.

५ जुलै
प्रस्तावना, दीड पान. शेतात निंदण सुरू आहे, डोकं ठिकाणावर नाही.

९ जुलै, सकाळ
थोर ग्रंथ जेलमध्येच वाचावेत. मोठे पुढारी तिथंच वाचतात. निंदण नाही, पाव्हणे नाहीत. गावातला जानराव सत्याग्रहींचा जथ्था घेऊन, कायदा मोडून सरकारी जंगलातलं गवत कापणार आहे. मलाही बोलावलं. गवत माझ्या कमरेला झेपणार नाही. जेलात जायला बंदीचं पुस्तक पुरेल.

१४ जुलै
ट्रंक भरली. बाजारात तिघांना बंदीच्या पुस्तकाबद्दल खाजगीत सांगितलं. त्यातला एक कोतवालाचा साडू.

१९ जुलै
पोलीस नाहीत. सरकार ढिलं पडलं आहे. बायको, तुळसाबाई, जथ्थ्यात जाऊन गवत कापून आली. म्हैस खूश. बंदीच्या पुस्तकात काय आहे, असं तिनं विचारलं. बायकांना जड जाईल, म्हणालो.

२५ जुलै, दुपार
आले. फौजदार आणि दोन शिपाई. मी खादीचा सदरा घालून तयार.
फौजदारानं पुस्तकं बाजेवर मांडून एकेक उघडलं. नव्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेली असतात, कापल्याशिवाय सुरुवातीच्या एकदोन पानांपुढे वाचता येत नाही. दहा पुस्तकांची तशीच होती. "पाटील, तुम्ही ही वाचलीच नाहीत," म्हणाला. वाचायचा इरादा आहे, असं मी बाणेदारपणे सांगितलं. त्याला कलम नाही, म्हणाला.
अकरावं, बंदीचं, मात्र विळीनं शेवटपर्यंत कापलेलं. समासात पेन्सिलीच्या खुणा. हे कोणी वाचलं? मी, म्हणालो. मग आत काय आहे, ते सांगा. मी म्हणालो, स्वातंत्र्य. पुढे काय, त्यानं विचारलं.
चुलीपासून तुळसाबाई उठून आली. "त्याईले काहून इचारता? म्या वाचलं." आणि सांगतच गेली. जंगल कोणाचं, कायदा कोणासाठी, न पटलेला कायदा मोडावा कसा. एक शिपाई खाली बसून ऐकू लागला. फौजदारानं एक शंका विचारली, तिचंही उत्तर तिच्याजवळ होतं.
मग त्यानं कागदावर तिचं नाव घातलं. गवताचा गुन्हाही तिनं आपण होऊन लिहायला लावला. मी म्हणालो, दोघांची नावं घाला. त्यानं ऐकलं नाही.
निघताना ती म्हणाली, "म्हशीले टायमावर पाणी दाखवजा. अन् जेवून घेजा." मी बादली घेऊन गोठ्याकडे गेलो.

१२ ऑगस्ट
तुळसाबाईला चार महिन्यांची शिक्षा झाली. अकोल्याच्या जेलमधून तिची चिठ्ठी: क्रांतीच्या इतिहासाचा पहिला भाग पाठवा, इथल्या बायकांना वाचून दाखवते. मी ते वाचताना अगदी रंगात आलो आहे, पाठवता येत नाही, असं लिहिलं. ते फाडलं. पुस्तक पाठवलं. तसंही नवंच होतं.
भाकरी अजून गोल येत नाही.
संध्याकाळी पारावर जानरावनं तिची विचारपूस केली. चार माणसं ऐकत होती. म्हणालो, आमच्या घरात वाचनाची आवड पहिल्यापासूनच आहे.